रोजच्या वापरातल्या ऑक्टाव्हिया आरएससाठी परवडणारा क्लच आणि फ्लायव्हील : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती नेमकी कोणत्या गाडीसाठी आहे?

२००४ मध्ये भारतात आलेल्या स्कोडाच्या पहिल्या ऑक्टाव्हिया आरएससाठी. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, १५० पीएस, २१० न्यूटन-मीटर टॉर्क आणि पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला जुळवलेल्या या गाड्या अजूनही बऱ्याच लोकांच्या रोजच्या वापरात आहेत. म्हणजे सकाळी ऑफिस, संध्याकाळी सिग्नलवरची रांग आणि शनिवार-रविवारी बोर घाट. गिअरबॉक्सचं घराण्याचं नाव ०२जे. त्या काळच्या चौथ्या पिढीच्या गोल्फमध्ये आणि पहिल्या ऑडी ए३ मध्ये हेच इंजिन आणि हाच गिअरबॉक्स होता. त्यामुळे युरोप-अमेरिकेत राहणाऱ्यांच्या गोल्फलाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

सहा गिअरचा ०२एम गिअरबॉक्स वेगळा आहे, त्याचे भाग इथे बसत नाहीत. मागवण्याआधी गिअरबॉक्सवरचा कोड वाचून घ्या.

क्लच खरंच गेलाय हे कसं ओळखायचं?

सरळ, मोकळा रस्ता बघा. गाडी चौथ्या गिअरमध्ये २००० आरपीएमवर आणा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. टर्बो भरला की टॅकोमीटरचा काटा वेगाबरोबर सावकाश चढला पाहिजे. काटा पाच-सातशेने उडी मारतो आणि स्पीडोमीटर जागच्या जागी, असं झालं तर क्लच घसरतोय. ही चाचणी दोनदा पुरे. तिसऱ्यांदा कराल तेव्हा जळका वास येईल आणि उरलेली प्लेटही जाईल.

पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ही चाचणी करून उपयोग नाही. तिथे चाकांना फिरायला सोपं जातं, क्लचवर तेवढा भार येतच नाही.

रिव्हर्स टाकताना करकर, सकाळी पहिला गिअर अडकणं, क्लचचं पेडल तळाशी गेलं तरी गाडी किंचित पुढे सरकणं ही लक्षणं घसरण्याची नाहीत. इथे क्लच पूर्ण सुटत नाहीये. दोष बहुतेक वेळा हायड्रॉलिकमध्ये (पेडलचा जोर फ्लुइडमार्फत क्लचपर्यंत नेणाऱ्या भागांत) असतो, म्हणजे स्लेव्ह सिलिंडर, मास्टर सिलिंडर किंवा लाइनमधली हवा. अशा गाडीचा गिअरबॉक्स उतरवून नवीन क्लच टाकला जातो आणि करकर तशीच राहते, हे फार वेळा घडतं.

किती क्षमतेचा क्लच घ्यावा? माझी गाडी २०० पीएसची आहे.

क्लचला पीएस कळत नाहीत, त्याला टॉर्क कळतो. म्हणून पहिला प्रश्न टॉर्कचा. मूळ गाडीला २१० न्यूटन-मीटर. फक्त रीमॅप केलेल्या (इंजिनाच्या संगणकातली सेटिंग बदलून ताकद वाढवलेल्या) आणि मूळ टर्बो असलेल्या गाडीला साधारण २८० ते ३००. रीमॅपवाल्याने डायनोचा (ताकद मोजायच्या यंत्राचा) कागद दिला असेल तर त्यावरचा टॉर्कचा आकडा धरा आणि वर पंचवीस-तीस टक्के क्षमता राखीव ठेवा.

ही राखीव क्षमता कशासाठी, ते गणितातून दिसतं. क्लच किती टॉर्क पेलेल हे चार गोष्टींवर ठरतं : घर्षणाचे पृष्ठभाग (नेहमी दोन), घर्षणगुणांक, प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाचा) दाब आणि क्लच प्लेटची सरासरी त्रिज्या. चौघांचा गुणाकार म्हणजे क्षमता. समजा २२८ मिलिमीटरची प्लेट आहे, सरासरी त्रिज्या ९५ मिलिमीटर, दाब ६००० न्यूटन आणि घर्षणगुणांक ०.२७. गुणाकार येतो ३०८ न्यूटन-मीटर. आता हीच प्लेट घाटातल्या जाममध्ये तापली आणि गुणांक ०.२० वर आला, तर क्षमता उरते २२८. कागदावर तीनशेचा क्लच प्रत्यक्षात सव्वादोनशेचा झाला. थंड असताना ठणठणीत असलेला क्लच खंडाळ्याच्या चढावर का घसरतो, याचं उत्तर इतकंच आहे.

क्षमता वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे दाब वाढवणं. वीस टक्के जास्त दाबाची प्रेशर प्लेट घेतली की ३०८ चे ३६९ होतात. पण तो दाब दर वेळी तुमच्या डाव्या पायाला आणि रिलीज बेअरिंगला (पेडल दाबलं की प्रेशर प्लेट मोकळी करणाऱ्या भागाला) हलवावा लागतो. क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट वॉशरवरही (त्याला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकतीवरही) तो दर दाबाला येतो. म्हणून गरजेपेक्षा दुप्पट क्षमतेचा क्लच 'एकदाच काय ते होऊन जाऊ दे' म्हणून घेऊ नका. रोजच्या गाडीत तो शिक्षा होतो.

'स्टेज १', 'स्टेज २' म्हणजे काय?

काहीच नाही. ही विकणाऱ्याने ठेवलेली नावं आहेत, एकाचा स्टेज २ दुसऱ्याच्या स्टेज १ पेक्षा कमी असू शकतो. विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा : किती न्यूटन-मीटर, प्लेटचं लायनिंग (घर्षणाचा थर) कशाचं आणि हबला, म्हणजे प्लेटच्या मधल्या भागाला, स्प्रिंग आहेत का. तिन्हीची उत्तरं आकड्यात आणि नावात मिळत नसतील तर दुसरीकडे बघा.

ड्युअल मास फ्लायव्हील म्हणजे काय? ते ठेवावं की काढावं?

खर्चाचा सगळा प्रश्न इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

साधं फ्लायव्हील म्हणजे बिडाचा किंवा पोलादाचा एक अखंड तवा. ड्युअल मासमध्ये असे दोन तवे एकमेकांवर बसवलेले असतात. पहिला क्रँकशाफ्टला बोल्ट केलेला, दुसऱ्यावर क्लच दाबला जातो. दोघांच्या मध्ये, ग्रीसमध्ये बुडालेल्या, कमानीसारख्या वाकलेल्या लांब स्प्रिंग असतात. चार सिलिंडरचं इंजिन एका फेरीत दोन धक्के देतं. ते धक्के या स्प्रिंग खातात, गिअरबॉक्सपर्यंत जाऊ देत नाहीत. जर्मनीच्या एलयूके कंपनीने १९८५ पासून हे मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली आणि आता ते सर्वत्र दिसतं. आरएसच्या इंजिनालाही कारखान्यातून हेच येतं.

ते शांत असतं, रांगेत गाडी मऊ सुटते आणि गिअरबॉक्स सुखी राहतो. पण स्प्रिंग आणि ग्रीस आहेत म्हणजे ते झिजणारच. त्याचा नवा भाग क्लचच्या सगळ्या भागांपेक्षा महाग पडतो. रीमॅपचा टॉर्क खालच्या आरपीएमवरच अंगावर येत असल्याने झीज आणखी लवकर होते. पाचव्या गिअरमध्ये १४०० आरपीएमवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायची सवय असेल, तर त्या स्प्रिंग प्रत्येक धक्क्याला शेवटपर्यंत दबून आपटतात.

आमचा कौल असा : गाडी मूळ टॉर्कवर आहे आणि घरच्यांना आवाज चालत नाही, तर मूळ पद्धतीचं ड्युअल मासच परत टाका. रीमॅप आहे आणि बजेट मोजकं आहे, तर चांगल्या वजनाचं एकसंध फ्लायव्हील आणि त्याला जुळणारा क्लच. दोन्हीच्या मधला तिसरा मार्ग, म्हणजे दमलेलं ड्युअल मास ठेवून त्यावर नवा क्लच बसवणं, हा सगळ्यांत महाग. सहा महिन्यांनी तेच काम पुन्हा करावं लागतं.

माझं ड्युअल मास अजून चालेल का, हे कसं बघायचं?

गाडीत असताना : इंजिन बंद करतानाचा ठक-ठक-ठक आवाज, सुरू करताना लोखंड आपटल्यासारखा धक्का, कमी आरपीएमवर घरघर.

उतरवल्यावर : बाहेरचा तवा हाताने उजवीकडे आणि डावीकडे फिरवा. थोडा मोकळा फिरून मग स्प्रिंगचा विरोध लागला पाहिजे. थोडी ढिलाई असणं हा बिघाड नाही, अनेक चांगली फ्लायव्हील इथे विनाकारण बाद होतात. मोकळेपणा किती चालतो ते प्रत्येक भागासाठी वेगळं असतं आणि उत्पादकाच्या तक्त्यात दिलेलं असतं. स्प्रिंगचा विरोध अजिबात न लागणं, कडेने तवा डुगडुगणं, बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या गिअरबॉक्सच्या कवचाच्या) आत चक्राकार उडालेलं ग्रीस, किंवा पृष्ठभागावर निळे-जांभळे डाग आणि केसासारख्या भेगा दिसणं, यातलं एकही असेल तर ते गेलंच म्हणा.

आणि ड्युअल मास लेथवर घासून मिळत नाही. उत्पादकांनाही ते मान्य नाही. 'फेस मारून देतो' म्हणणाऱ्याला नको म्हणा.

जी६० फ्लायव्हील आणि व्हीआर६ क्लच ही जोडी काय आहे?

०२जे गिअरबॉक्ससाठीचा जुना आणि अजूनही सगळ्यांत शहाणपणाचा स्वस्त उपाय. कोराडो जी६० या गाडीचं एकसंध फ्लायव्हील आणि २.८ लिटर व्हीआर६ इंजिनाच्या गोल्फचा २२८ मिलिमीटरचा क्लच. दोन्ही फोक्सवॅगनचेच भाग. व्हीआर६ चा मूळ टॉर्क २३५ न्यूटन-मीटर, त्यामुळे कारखान्याने ठेवलेल्या राखीव क्षमतेसकट हा क्लच रीमॅप केलेल्या आरएसला, म्हणजे ३०० च्या आसपास, निभावून नेतो. लायनिंग साधं ऑर्गॅनिक, पेडल मूळच्यापेक्षा किंचितच जड.

जी६० चं फ्लायव्हील साधारण सात-आठ किलोचं असतं, मूळ ड्युअल मास दहा किलोच्या वर. म्हणजे थोडं हलकं, पण सिग्नलवर गाडी बंद पाडेल इतकं नाही. अशी जोडी एकत्र किट म्हणूनही मिळते. व्हॅलिओसारखे मूळ पुरवठादार ड्युअल मासऐवजी एकसंध फ्लायव्हीलची तयार किटं विकतात. सुटे भाग जुळवण्यापेक्षा पहिल्यांदा करणाऱ्याने किटच घ्यावं, कारण बोल्ट, बेअरिंग, प्लेट सगळं एकमेकांना बसणारं येतं.

जुनी क्लच प्लेट अजून जाड आहे. नव्या एकसंध फ्लायव्हीलवर तीच चालेल का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

ड्युअल मासबरोबर येणाऱ्या प्लेटच्या मधल्या हबला स्प्रिंग नसतात, कारण धक्के खाण्याचं काम फ्लायव्हील करतं. एकसंध फ्लायव्हीलला ते काम जमत नाही, म्हणून त्याच्या प्लेटला हबभोवती स्प्रिंग लागतात. प्लेट हातात घेऊन बघा, मध्याभोवती खिडक्यांमध्ये बसवलेल्या जाड स्प्रिंग दिसल्या पाहिजेत. कडक प्लेट आणि एकसंध फ्लायव्हील एकत्र बसवलंत, तर इंजिनाचा प्रत्येक धक्का थेट गिअरच्या दातांवर जातो. आधी आवाज, मग हबचे रिव्हेट ढिले आणि शेवटी गिअरबॉक्सची बेअरिंग.

एकसंध फ्लायव्हील बसवल्यापासून न्यूट्रलमध्ये खडखड येते. काय चुकलं?

क्लचचं पेडल दाबा. खडखड थांबली तर तो गिअरचा आवाज आहे. मोकळे फिरणारे गिअर एकमेकांवर हलके आपटतात, भाजणीच्या डब्यात खडे हलवल्यासारखं. ड्युअल मास गेलं की हे थोडं येतंच, त्याने काही बिघडत नाही. एसी लावल्यावर वाढतं, कारण इंजिनावरचा भार वाढतो. गिअरबॉक्सचं तेल जुनं असेल तर बदला. योग्य दर्जाच्या ताज्या तेलाने फरक पडतो.

उलट पेडल *दाबल्यावर* आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग बघा.

हलकं फ्लायव्हील घेतलं तर गाडी किती पळेल?

पहिल्या गिअरमध्ये बऱ्यापैकी, चौथ्यात जवळजवळ नाहीच. समजा फ्लायव्हीलच्या कडेजवळून, म्हणजे केंद्रापासून १० सेंटीमीटरवर, ३ किलो कमी केले. पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर साधारण १३ धरलं आणि चाकाची त्रिज्या ३१ सेंटीमीटर, तर त्या ३ किलोंचा परिणाम गाडीचं वजन सुमारे ५३ किलोंनी कमी केल्यासारखा होतो. चौथ्यात, गुणोत्तर ४ धरून, तोच परिणाम अवघा ५ किलो. गुणोत्तराचा वर्ग होतो म्हणून एवढी तफावत.

थोडक्यात, सिग्नलवरून सुटताना आणि गिअर बदलताना इंजिन चपळ वाटेल. एक्स्प्रेसवेवर ओव्हरटेक करताना काही फरक कळणार नाही.

चार-पाच किलोचं ॲल्युमिनियमचं फ्लायव्हील ट्रॅकसाठी मस्त. शहरात मात्र गाडी सोडताना दर वेळी जास्त आरपीएम द्यावे लागतात, म्हणजे क्लच जास्त घसरवला जातो, म्हणजे प्लेट लवकर संपते. शिवाय त्याच्या पोलादी चकतीचे स्क्रू वगैरे वेगळ्या भानगडी. रोजच्या गाडीला सात किलोच्या खाली जाऊ नका.

ओळखीच्या लेथवाल्याकडून मूळ फ्लायव्हील हलकं करून घेऊ का? फारच स्वस्तात होतं.

करू नका. २८ सेंटीमीटर व्यासाचं चक्र ७००० आरपीएमवर फिरतं तेव्हा त्याची कड सेकंदाला सुमारे १०२ मीटर जाते, ताशी जवळपास ३७० किलोमीटर. बीड ताणाला कच्चं असतं. चुकीच्या जागी दोन मिलिमीटर जास्त खरवडलं गेलं किंवा कोपरा धारदार ठेवला, की तिथूनच चीर सुरू होते. फुटलेल्या फ्लायव्हीलचे तुकडे बेल हाउसिंग फोडून बाहेर येतात आणि तिथून ड्रायव्हरचे पाय फार लांब नसतात.

घर्षणाचा पृष्ठभाग *घासून सपाट* करणं ही वेगळी गोष्ट आहे, एकसंध फ्लायव्हीलला ते चालतं. फक्त ग्राइंडिंग मशीनवर करा. काही फ्लायव्हीलमध्ये घर्षणाचा भाग आणि प्रेशर प्लेट बसते तो भाग यांच्यात पायरी असते. अशा वेळी दोन्ही पातळ्या सारख्याच मापाने घासाव्या लागतात, नाहीतर क्लचचा दाब बदलतो. पायरी मोजून कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका.

सिरॅमिक प्लेट जास्त टिकते म्हणतात. घ्यावी का?

चार किंवा सहा पाकळ्यांची सिरॅमिक प्लेट तापमान भरपूर सोसते, हे खरं. पण तिला 'अर्धा' हा प्रकारच नसतो. पकडते किंवा सोडते. चढावर, पुढे रिक्षा आणि मागे टेम्पो असताना हाफ क्लचवर गाडी इंचभर सरकवायची असेल तर ती उड्या मारते. फ्लायव्हीलही लवकर खाते.

मधला पर्याय केवलारचा. मऊ पकड, चांगलं आयुष्य, पण पहिले ८०० किलोमीटर फार जपावं लागतं. त्यात एकदा जास्त तापून चकाकी आली तर पकड परत येत नाही. ३०० न्यूटन-मीटरपर्यंत ऑर्गॅनिकच घ्या.

प्लेटला नवीन लायनिंग मारून घेतलं तर?

ट्रकच्या प्लेटला गावोगावी करतात आणि ते चालतं. या गाडीत नको. हबच्या स्प्रिंग, दोन लायनिंगमधली लाटेसारखी वाकलेली पत्र्याची गादी आणि आतले दाते जुनेच राहतात. मऊ पकड त्या गादीमुळे येते आणि ती सपाट झालेली असते. वरून नवी दिसणारी प्लेट थरथरते.

भागांची पूर्ण यादी द्या.

गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच द्यायची असेल तर हे सगळं आधी हातात हवं :

- प्रेशर प्लेट, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग, शक्यतो एकाच किटमधली
- फ्लायव्हील
- फ्लायव्हीलचे नवे बोल्ट आणि प्रेशर प्लेटचे नवे बोल्ट
- क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील
- रिलीज बेअरिंग ज्या नळीवर सरकतं ती नळी
- क्लच फोर्क आणि त्याच्या टेकूचा गोळा
- गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं आणि दोन्ही ड्राइव्हशाफ्टच्या फ्लँजचं सील
- गिअरबॉक्सचं तेल, ७५डब्ल्यू-९० जीएल-४, सुमारे दोन लिटर
- डॉट ४ ब्रेक फ्लुइड, एक लिटर
- दाते घातलेल्या शाफ्टसाठीचं क्लच ग्रीस, बोटाच्या पेरावर मावेल एवढं

फोर्कची बाब लहान वाटते, पण ज्या ठिकाणी तो गोळ्यावर टेकतो तिथे पत्रा झिजून भोक पडतं. नवा क्लच जड असेल तर तो वाकतोही. भाग स्वस्त आहे, तो बदलण्यासाठी गिअरबॉक्स परत उतरवणं नाही.

तेल जीएल-५ आणू नका. त्यातली काही रसायनं सिंक्रोच्या (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांच्या) पिवळ्या धातूला चालत नाहीत.

बोल्ट जुनेच वापरले तर काय होतं?

दोन वेगळे धोके. एक, फ्लायव्हीलचे बोल्ट ताणून घट्ट करायच्या प्रकारातले असतात. एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तसा पकडत नाही. दुसरा धोका कमी लोकांना माहीत असतो : ड्युअल मासचे बोल्ट लांब असतात, एकसंध फ्लायव्हीलचे आखूड. लांब बोल्ट आखूडच्या जागी पिळला तर तो भोकाच्या तळाला टेकतो. पाना घट्ट लागतो, मिस्त्रीला वाटतं झालं, पण बोल्टचं डोकं फ्लायव्हीलला दाबतच नसतं. काही दिवसांत ठोके ऐकू येतात.

गॅरेजमध्ये काय-काय डोळ्यांदेखत करून घ्यावं?

काम सहा ते आठ तासांचं. इंजिन वरून साखळीने किंवा आडव्या बारने तोलून धरावं लागतं, ड्राइव्हशाफ्ट सोडायचे आणि गिअरबॉक्स खाली काढायचा. ड्राइव्हशाफ्टच्या बोल्टना बारा टोकांचं स्प्लाइन सॉकेट लागतं. ॲलन की घालून फिरवली की डोकं गोल होतं आणि मग दिवस त्यातच जातो.

फ्लायव्हीलच्या बोल्टची भोकं समान अंतरावर नाहीत, त्यामुळे ते एकाच जागी बसतं. बसत नसेल तर ठोकू नका, फिरवून बघा. बोल्ट आडवे-तिरपे घट्ट करत आधी ६० न्यूटन-मीटर आणि मग आणखी ९० अंश. इथे टॉर्क रेंच हवाच.

पृष्ठभागावरचं संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पुसा आणि नंतर हात लावू नका. क्लच प्लेट आधी गिअरबॉक्सच्या शाफ्टवर नुसती सरकवून बघा, अडखळता कामा नये. दात्यांवर ग्रीसचा पातळ हात, प्लेट एकदा मागे-पुढे, आणि बाहेर आलेलं सगळं पुसून टाका. जास्त ग्रीस लायनिंगवर उडतं. प्लेट उभी धरून फिरवा, कड अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त लचकत असेल तर दुकानात परत द्या.

प्लेटवर बऱ्याचदा जर्मनमध्ये 'गेट्रीबेझाइट' असं कोरलेलं असतं. म्हणजे 'गिअरबॉक्सची बाजू'. ती बाजू तुमच्याकडे दिसली पाहिजे. उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टना घासतो.

मध्य जुळवायच्या दांडीने प्लेट केंद्रात आणा. प्रेशर प्लेटचे बोल्ट एका वेळी एक-दोन आटे, समोरासमोर. शेवटी सात मिलिमीटरच्या बोल्टला २० न्यूटन-मीटर. एक बाजू आधी आवळून टाकली तर कव्हर वाकतं आणि नवीन क्लच पहिल्याच दिवशी थरथरतो.

आणि सगळ्यांत जास्त घडणारी चूक : गिअरबॉक्स चढवताना शाफ्ट प्लेटमध्ये शिरतो आणि मिस्त्री दम खायला थांबतो. गिअरबॉक्सचं सगळं वजन त्या वेळी प्लेटच्या हबवर लटकतं. प्लेट वाकते. नंतर पेडल कितीही दाबा, क्लच पूर्ण सुटत नाही आणि दोष हायड्रॉलिकला दिला जातो. खाली जॅक हवा आणि बेल हाउसिंग इंजिनाला पूर्ण टेकेपर्यंत जॅक काढायचा नाही. बोल्ट पिळून गिअरबॉक्स ओढून आणणं हाही त्याच चुकीचा भाऊ. बारा मिलिमीटरच्या बोल्टना ८० न्यूटन-मीटर, ड्राइव्हशाफ्टच्या आठ मिलिमीटरच्या बोल्टना ४०.

पेडल खालीच राहतं. हवा निघत नाही.

या गाडीत क्लचचं फ्लुइड ब्रेकच्याच टाकीतून येतं, वरच्या अंगाच्या वेगळ्या नळीतून. टाकी ब्रेकपुरती भरलेली दिसली तरी क्लचच्या नळीत हवा जाऊ शकते, म्हणून काम करताना ती वरपर्यंत भरलेली ठेवा. नुसतं पेडल मारून हवा पूर्ण निघत नाही, टाकीवर हलका दाब देणारं ब्लीडर लावा.

गिअरबॉक्स खाली असताना, स्लेव्ह सिलिंडर लोंबकळत असताना, कुणीही पेडलला पाय लावू नये. पिस्टन बाहेर उडतो आणि तो भाग नवा घ्यावा लागतो.

नवीन क्लच सुटताना गाडी थरथरते.

पाचशे किलोमीटरपर्यंत थोडी थरथर माफ. त्यानंतरही राहिली तर या क्रमाने बघा : इंजिनचं खालचं रबरी माउंटिंग फाटलंय का (हे पाच मिनिटांचं काम आहे आणि दोष बऱ्याचदा इथेच सापडतो), प्लेटवर तेल आलंय का, रिलीज बेअरिंगची नळी खरवडली आहे का. मागचं सील न बदलता क्लच बसवला असेल तर तेलाचा संशय आधी घ्या. एकदा तेल प्यायलेली प्लेट धुऊन चांगली होत नाही.

बसवल्यानंतर किती दिवस जपायचं?

५०० ते ८०० किलोमीटर, तेही शहरातले. पकड बसते ती क्लच सोडण्या-धरण्याने. पुण्याहून कोल्हापूरला पाचव्या गिअरमध्ये जाऊन आलात तर किलोमीटर झाले, पण क्लच तिथेच आहे. या काळात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा नाही आणि रीमॅप असेल तर इंजिन मूळ सेटिंगवर ठेवता आलं तर उत्तम.

रोजच्या वापरात आयुष्य कशाने वाढतं?

चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरू नका, हँडब्रेक ओढा. सिग्नलवर न्यूट्रल. दाब जास्त असलेली प्रेशर प्लेट असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये, पेडल न दाबता सुरू करा, कारण थंड इंजिनात तेल पोचायच्या आत तो सगळा दाब क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर येतो. डावा पाय पेडलवर टेकवून ठेवायची सवय असेल तर रिलीज बेअरिंगवर सतत भार राहतो.

पैसे नेमके कुठे वाचवावेत?

नावात वाचवा. चमकदार रंगाच्या प्रेशर प्लेटपेक्षा साक्स, एलयूके किंवा व्हॅलिओची मूळ दर्जाची प्लेट रोजच्या गाडीला बरी. हलकेपणात वाचवा, बिडाचं किंवा पोलादाचं साधं फ्लायव्हील पुरतं. वापरलेलं जी६० फ्लायव्हील मिळालं तर तेही चालेल, मात्र भेगा तपासून, घासून आणि स्टार्टरच्या रिंगचे दाते बघून.

सील, बोल्ट, फोर्क, नळी आणि टॉर्क रेंच असलेला मिस्त्री यात वाचवू नका. परदेशातून किट मागवताना वजन बघा : फ्लायव्हीलसकट खोकं पंधरा किलोंच्या आसपास जातं, त्यावर वाहतूक आणि कस्टम ड्युटी लागते. हा आकडा धरूनच इथल्या दुकानदाराच्या भावाशी तुलना करा.

जुनं ड्युअल मास भंगारात देऊ का?

वर सांगितलेल्या तपासणीत ते चांगलं ठरलं असेल तर तेल लावून, आडवं ठेवून जपा. गाडी विकताना घेणाऱ्याला शांत गाडी हवी असली तर तो ते आनंदाने घेईल. बाद ठरलं असेल तर द्या, पण आधी स्टार्टरच्या रिंगचे दाते मोजून नव्याशी ताडून बघा. दाते जुळले नाहीत तर नवं फ्लायव्हील बोल्ट करायच्या आधीच ते कळलेलं बरं.